त्या संध्याकाळचे ताट

“आईला आता ताटातलंही कळेनासं झालंय. काल हॉटेलात तिनं सगळ्यांच्या बशा ओढून घेतल्या, मधलं अन्न उपसून त्यांत कालवलं, वाढणारी मुलगी थांबवायला आली तर तिला दटावलं, आणि मला जी बशी दिली तिच्यात डावं-उजवंही राहिलं नव्हतं. बाबा आईला आवरायचं सोडून माझ्यावरच ओरडले. आता उशीर करून चालणार नाही.”

हा मजकूर माझ्या मुलाने आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात टाकला. त्याखाली पुण्याच्या माझ्या मुलीने रडका चेहरा चिकटवला, मेहुण्याने हात जोडले, आणि ज्यांनी कित्येक वर्षांत आमच्या घराचा जिना चढलेला नाही अशा दोघातिघांनी ‘काळजी घ्या’ असे लिहून कर्तव्य उरकले. मुलीने नंतर फोन करून मला समजावलेही. “बाबा, तुम्ही मान्यच करत नाही आहात.” मी तिला एवढेच विचारले की, तू तिथे होतीस का? त्या टेबलाशी आम्ही चौघे होतो: मी, माझी पत्नी, मुलगा आणि सून. बोलण्याचा अधिकार चौघांचा आहे. त्यांपैकी एकाने तो वापरला, आता मी वापरतो.

‘उशीर करून चालणार नाही’ याचा अर्थ आधी सांगितला पाहिजे. शहराबाहेर, देवनहळ्ळीच्या पुढे, जिथे कालपरवापर्यंत द्राक्षांचे मळे होते, तिथे वृद्धांसाठी एक संस्था उभी राहिली आहे. विस्मरणाचा विकार झालेल्यांसाठी तिथे स्वतंत्र इमारत आहे आणि तिचे दार फक्त बाहेरून उघडते. मुलगा ती पाहून आला होता. माझ्या पत्नीने तिथे राहायचे, मी आमच्या जालहळ्ळीच्या घरात राहायचे, आणि रविवारी भेटायचे, अशी त्याची योजना. ती त्याने मला त्या जेवणाच्या आदल्या दिवशी गच्चीवर नेऊन सांगितली आणि वर म्हणाला, “उद्या आपण बाहेर जेवू. तुम्ही स्वतः आईकडे नीट बघा. मग बोलू.”

म्हणजे ते जेवण नव्हते, ती तपासणी होती. सरकारी कारखान्याच्या तपासणी विभागात मी उभी हयात घालवली आहे. निवृत्तीनंतरही पीण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या लहान कारखानदारांचा माल तपासून दिला. तपासणी कधी चालू आहे हे मला कुणी सांगावे लागत नाही.

एक गोष्ट मी होऊनच सांगतो, म्हणजे उद्या ती कुणी माझ्या तोंडावर फेकायला नको. ती विसरते. सकाळी विचारलेले दुपारी पुन्हा विचारते. शेजारच्या अक्कांना कधीकधी त्यांच्या सासूच्या नावाने हाक मारते, आणि ती सासू जाऊन फार काळ लोटला. अक्का बिचाऱ्या ‘ओ’ देतात. हे मी नाकारलेले नाही. पण विसरणे निराळे आणि भान सुटणे निराळे, आणि माझ्या मुलाच्या मजकुरात दुसऱ्या गोष्टीचा आरोप आहे.

टॅक्सीत मी तिची तयारी करून घेतली. वार कोणता, महिना कोणता, मुलगा आता कुठल्या गावी असतो. मग म्हणालो, “सूनबाईला तिच्या आईची तब्येत विचारू नकोस.”

“का हो?”

“तिची आई गेल्या वर्षी गेली.”

ती पदर सारखा करत म्हणाली, “अगंबाई. मला कुणी सांगितलंच नाही.”

सांगितले होते. फोनवर ती सुनेशी बोलली होती आणि नंतर देवापाशी बसून रडली होती. मी म्हणालो, “राहून गेलं असेल.”

यशवंतपूरच्या पुलाखाली तिने विचारले, “कुठे चाललोय आपण?” मी सांगितले. मेखरी सर्कलला तिने तेच पुन्हा विचारले आणि मी तो प्रश्न नव्यानेच कानावर आल्यासारखे उत्तर दिले. शेवटी आमचे एवढे ठरले की, टेबलाखाली मी तिच्या गुडघ्याला हात लावला की तिने बोलणे थांबवायचे.

“अहो,” ती हसून म्हणाली, “जेवायला नेताय की परीक्षेला?”

ज्या बाईला काही कळत नाही असे सांगितले जाते, तिचे हे वाक्य.

इंदिरानगरच्या एका आतल्या गल्लीत, जुन्या बंगल्यात ते उपाहारगृह आहे. पाटी जवळजवळ नाहीच. मुलगा नोकरीनिमित्त ज्या उत्तरेकडच्या थंड देशात असतो, तिथल्या नव्या पद्धतीचे जेवण इथे मिळते. “आम्ही तिकडे कसे राहतो ते तुम्हाला दाखवायचंय, तुमचं आता येणं होत नाही म्हणून,” असे तो म्हणाला आणि त्यात खोटे काही नव्हते. त्याच्या मनात दोन्ही गोष्टी एकाच वेळी होत्या. लाकडी टेबले, भिंतींना पांढरा रंग, प्रत्येक टेबलावर एक मेणबत्ती, खुर्च्यांवर मेंढीची केसाळ कातडी. उबदार वाटावे म्हणून ही सारी योजना आहे, असे सून म्हणाली. मला तिथे एकच गोष्ट जाणवली की, त्या उजेडात मला माझ्या पत्नीचा चेहरा वाचता येत नव्हता. तिची नजर कधी भिरभिरू लागते ते मी दिवसभर पाहत असतो. तिथे मला फक्त तिच्या कुंकवाची कड दिसत होती.

कातड्यावर हात फिरवून ती म्हणाली, “हे काय, तपश्चर्येला बसायचंय का आपल्याला?”

सून मनापासून हसली. मी सुटकेचा श्वास घेतला, पण तो पुरता घेऊ दिला गेला नाही.

“आई,” मुलगा अगदी सहज म्हणाला, “मागच्या खेपेला मी आलो होतो तेव्हा आपण सगळे कुठे गेलो होतो गं?”

“म्हैसूरला,” मी म्हणालो.

“बाबा, मी आईला विचारलं.”

“मीही तिथेच होतो. मला उत्तर माहीत आहे.”

“तेच तर. तुम्ही तिच्या वाटची सगळी उत्तरं देता, मग आम्हाला कसं कळणार?” त्याने आवाज चढवला नाही. तो कधीच चढवत नाही, हे मी त्याच्या बाजूने नोंदवतो. “आई, सांग ना. कुठे गेलो होतो?”

मी तिच्या गुडघ्याला हात लावला. तिने तो हलकेच बाजूला केला आणि मुलाकडे पाहून म्हणाली, “का रे, तुला आठवत नाही?”

सूनबाईला पुन्हा हसू आले, मुलालाही थोडे आले. मला आले नाही. तिला म्हैसूर आठवले होते की नव्हते हे मला आजही ठाऊक नाही, आणि त्या क्षणी ते जाणून घ्यायचेही नव्हते.

आधी पाव आला. तिकडे तो राय नावाच्या काळ्या धान्याचा करतात, इथे नाचणीचा आंबवून केला होता. पत्नीने तुकडा मोडला आणि चावत म्हणाली, “हे तर आंबलेलं मुद्दे झालं की!” नाचणीचा तो उंडा या गावात आम्ही इतकी वर्षे खात आलो आहोत; तिचे निदान बरोबर होते. आम्ही शाकाहारी असल्याचे मुलाने आगाऊ कळवले होते, त्यामुळे पुढचे सारे त्या बेताने आले. लाकडी फळ्यांवर आणि छोट्या वाडग्यांत एकदमच सगळे मांडले गेले: धुरावर भाजलेले बीट, शेपू घातलेले बटाटे, अळंबी घालून मऊ शिजवलेले जव, आंबट पाण्यात मुरवलेली काकडी, जांभळाचे चाटण, लोणी, जाडे मीठ, लिंबाच्या फोडी. चौघांपुढे चार मोठ्या रिकाम्या बशा ठेवल्या. सगळे मधोमध, ज्याने त्याने हवे ते घ्यायचे. वाढणारी मुलगी, असेल विशीतली, प्रत्येक पदार्थ कोणत्या लाकडाच्या धुरावर किती वेळ होता ते इंग्रजीत सांगू लागली.

इथून पुढे माझ्या मुलाचा मजकूर आणि घडलेली हकीकत यांचे रस्ते वेगळे होतात.

माझी पत्नी उभी राहिली. तिने चारही बशा आपल्यापुढे घेतल्या. ओढल्या नाहीत, घेतल्या. सुनेने आपली स्वतः उचलून दिली. आमच्या घरात अन्न मधे मांडलेले असताना घरची बाई बसून राहिली आहे आणि ज्याने त्याने चमचा घातला आहे, असे कधी घडलेले नाही. चार रिकाम्या बशा आणि भरलेली भांडी समोर दिसल्यावर तिने तेच केले जे ती आयुष्यभर करत आली. तिने पाने वाढायला घेतली.

आणि कशी वाढली ते ऐका. आमच्याकडे ताटाला बाजू असतात. वर मधोमध मीठ, त्याच्याजवळ लिंबू. डावीकडे चटणी, कोशिंबीर, लोणचे. उजवीकडे भाज्या. मधे भात, त्यावर तूप. लोक याला सोवळ्याओवळ्याची गोष्ट समजतात. मला ती कामाची वाटते. ज्याला वारंवार हात घालायचा ते हाताशी, ज्याची केवळ चव घ्यायची ते पलीकडे. तिने आधी चारही बशांत चिमूटभर मीठ ठेवले. मग लिंबू. काकडी आणि जांभळाचे चाटण एका बाजूला, बीट आणि बटाटे दुसऱ्या बाजूला. मधे जवाची मूद, हाताने नव्हे, वाटीने पाडलेली. आणि त्या मुदीवर लोण्याचा गोळा, कारण तिथे तूप नव्हते. त्या परक्या अन्नात लोणचे कोणते, भाजी कोणती, भाताच्या जागी कोण आणि तुपाच्या जागी कोण, हे तिला कुणी सांगितले नव्हते. याला माझा मुलगा ‘कालवलं’ म्हणतो. कालवलेल्या अन्नात मूद कुठे असते?

“आई, इथे असं नसतं गं,” तो दबक्या आवाजात म्हणत होता. शेजारच्या टेबलावरची माणसे पाहत होती. “एकेक चव घेत खायचं असतं.”

“मग एकेकच घे. सगळं एकदम गीळ असं कोण म्हणतंय?”

वाढणारी मुलगी पुढे झाली आणि तिच्या हातचा चमचा घेऊ लागली. पत्नीने चमचा सोडला नाही. म्हणाली, “स्वल्प इरम्मा, झालंच.” थोडं थांब गं बाळ, एवढाच त्या कानडीचा अर्थ. हे तिचे दटावणे. “सरी आंटी,” म्हणजे ‘बरं मावशी’, असे म्हणून ती मुलगी दोन्ही हात मागे बांधून उभी राहिली आणि शेवटपर्यंत पाहत राहिली. तिचा अपमान झाला असता तर ती निघून गेली असती.

तोवर मी जिंकत होतो. हो, मी असाच विचार करत होतो; ज्याच्या माणसाची तपासणी चाललेली असते तो दुसरा कसला विचार करणार?

मग सुनेने फोटो काढायला घेतला. बशा खरोखर देखण्या दिसत होत्या. तिने आपली आणि नवऱ्याची बशी मेणबत्तीपाशी शेजारीशेजारी ठेवली आणि म्हणाली, “अरे, तुझं उलटं आहे.”

मुलाने वाकून पाहिले. बराच वेळ पाहिले. मग मला म्हणाला, “बघा बाबा. डावं-उजवंही राहिलं नाही.”

मी चष्मा वर करून पाहिले. खरेच होते. माझी बशी सरळ, सुनेची सरळ, पत्नीची सरळ. मुलाच्या बशीत काकडी आणि चाटण उजवीकडे, बीट आणि बटाटे डावीकडे. आरशात पाहावे तसे. माझी आई असे ताट पाहिले की न बोलता परत पाठवत असे, आणि माझ्या पत्नीने लग्नानंतरच्या पहिल्या सणापासून माझे ताट एकदाही चुकवलेले नाही. पत्नी त्या वेळी स्वतःच्या मुदीवर लोणी ठेवत होती. तिने ऐकले असेल किंवा नसेल.

मी ओरडलो तो तेव्हा. ते मी नाकारत नाही, फक्त शब्द नोंदवून ठेवतो. मी म्हणालो, “एक नग वेगळा निघाला म्हणून सगळा माल रद्द करतोस?” शब्द चुकीचे होते. बायकोला कुणी माल म्हणत नाही. आवाजही मोठा होता.

तेव्हा टेबलाखाली तिने माझ्या गुडघ्याला हात लावला.

मी थांबलो. आम्ही जेवलो. तिने बशी पुसून खाल्ली आणि बीट कसे भाजले ते त्या मुलीला दोनदा विचारले. मुलीने दोनदा सांगितले.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते माझ्या मुलाच्या मजकुरात नाही, कारण ते त्याला ठाऊक नाही. एखादा भाग प्रत्येक वेळी चुकीचा येत असेल तर त्याचे कारण सापडते. असंख्य बरोबर येऊन एकच चुकीचा आला, तर माणसाची झोप जाते. मी तिच्यावर पाळत ठेवली. ती वाढायला लागली की वर्तमानपत्राच्या कडेवरून पाहायचे. मीठ वर. लिंबू शेजारी. चटणी डावीकडे, भाजी उजवीकडे. एकदाही चूक नाही. प्रत्येक बरोबर ताटागणिक माझी भीती कमी व्हायला हवी होती. ती वाढत गेली. मग त्याच संध्याकाळी का? आणि चौघांत एकाच बशीत का? काहीतरी सुरू झाले आहे आणि ते येऊन जाऊन असते, असे मुलगा म्हणाला होता. गॅस बंद केला का हे मी रोज पुन्हा पाहू लागलो. ती न्हाणीघरात गेली की मी बाहेर उभा राहू लागलो. तिने एकदा आतून विचारले, “अहो, काही हवंय का?” मला काय हवे होते ते दाराआडून सांगता येण्यासारखे नव्हते.

परत जाण्याच्या दिवशी मुलगा आणि सून त्यांच्या मुक्कामावरून आमच्याकडे जेवायला आले. मुलगा बाहेरच्या खोलीत फोनवर होता; संस्थेने जागा राखून ठेवली होती आणि त्यांना माझा होकार हवा होता. मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो. तिने चार ताटे ओट्यावर मांडली आणि वाढायला घेतले. वरण, भात, मटकीची उसळ, बटाट्याची भाजी, काकडीची कोशिंबीर, लिंबाचे लोणचे. पहिले ताट सरळ, दुसरे सरळ, तिसरे सरळ. चौथ्यात तिने कोशिंबीर उजवीकडे घातली.

माझा हात आपोआप पुढे गेला. “अगं, हे उलटं होतंय.”

तिने माझा हात बाजूला सारला. “तुम्ही बसा जाऊन. हे त्याचं आहे.”

मी ते ताट स्वतः नेऊन मुलापुढे ठेवले आणि त्याच्या समोर बसलो. फोन टेबलावर ठेवून, त्याच्या पडद्यावर नजर लावूनच तो जेवू लागला. त्याने ताटाकडे पाहिलेदेखील नाही. त्याचा हात भाजीवर गेला, भातावर आला, पुन्हा भाजीवर गेला. कुठे अडखळला नाही, कुठे कशाला ओलांडून गेला नाही. तो पोटभर जेवला. भात त्याने दुसऱ्यांदा मागून घेतला.

मी पहिल्या पाळीला पहाटे जात असे आणि जादा काम उरकून घरी पोहोचेपर्यंत मुलांची जेवणे झालेली असत. त्याच्या लहानपणीचे ताट मी फारसे पाहिलेलेच नाही. पुढे तो वसतिगृहात गेला, मग परदेशी, जिथे ताटाला बाजूच नसतात. आणि हॉटेलात तर काटा-सुरी होती. मला दिसले नाही, त्याला आठवले नाही. तिच्या देखत तिच्याविषयी साक्षीपुरावे मांडायचे नाहीत म्हणून मी जेवताना गप्प राहिलो. विमानतळाकडे निघताना त्याने दारात विचारले, “मग काय कळवू त्यांना?” मी म्हणालो, “लिहून कळवतो.”

हे ते लिहिले. ती म्हैसूर विसरली असेल. विहीणबाईंचे जाणे विसरली, हे मी स्वतःच सांगितले. पण त्या अंधाऱ्या टेबलाशी, परक्या अन्नाच्या चार बशा वाढताना, जी एक बशी चुकली असे माझा मुलगा म्हणतो ती चुकलेली नव्हती. घरातल्या थोरामोठ्यांनी लहानपणी त्याचा हात बदलायला सांगितले होते आणि त्याच्या आईने हात तसाच ठेवून ताट बदलले होते. माझा मुलगा डावखुरा आहे.